परदेशातील भगिनी मंडळीशी सहभागिता: पहिल्या पत्रापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

रविवारची उपासना संपत आली आहे. सहभागितेतल्या चर्चमधून आलेला एक परदेशी पाहुणा खिशातून पाच हजार रुपये काढतो आणि अर्पणाच्या थैलीत टाकतो. नोटा भारतीय आहेत, दिल्याही भारतातच, त्यामुळे खजिनदाराला यात काहीच वावगं वाटत नाही. कायद्याच्या लेखी मात्र हा परदेशी निधी आहे. परदेशी नागरिकाने रुपयांत दिलेली देणगीही परदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० म्हणजे एफसीआरए याच्याखाली येते. मंडळीकडे, म्हणजे स्थानिक चर्चकडे, या कायद्याखालची नोंदणी नसेल तर ती घेताच येत नाही. नोंदणी असली तरी ती थैलीतून घेता येत नाही, ठरलेल्या बँक खात्यातूनच आली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्यांची परदेशातल्या चर्चशी जुनी ओळख आहे. कुणाची अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून, कुणाची स्कॉटिश किंवा अँग्लिकन मिशनच्या काळापासून. काही डायसिसनी (बिशपच्या देखरेखीखालच्या विभागांनी) ती अलीकडे नव्याने जोडली आहे. हे नातं नीट चालवायचं असेल तर बिशप, सचिव, खजिनदार आणि पास्टोरेट कमिटी (एका पाळकाखालच्या मंडळीचा कारभार पाहणारी समिती) यांना काय काय माहीत असायला हवं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. पैशाबद्दल बरंच लिहावं लागेल, कारण चुका तिथेच होतात. पण सुरुवात पैशापासून करू नये.

आधी ओळख, मग अर्ज

१९१० साली एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या या भारतीय पाळकाने पाश्चात्त्य चर्चना तोंडावर सांगितलं की तुम्ही पुष्कळ दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. पुढे १९१२ मध्ये तेच अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. १९७१ मध्ये केनियातले, पूर्व आफ्रिकेच्या प्रेसबिटेरियन चर्चचे जॉन गाटू यांनी त्याहून कडक मागणी केली. काही वर्षं मिशनरी आणि पैसा दोन्ही थांबवा, म्हणजे आफ्रिकेतल्या चर्चना स्वतःच्या पायावर उभं राहता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी अनेकांना ते बोलणं लागलं. तरी विचार बदलला. लंडन मिशनरी सोसायटीच्या परंपरेतून आलेल्या कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशनने १९७७ मध्ये आपली रचनाच फिरवली. ठेवायचं सगळ्यांनी एकाच पेटीत आणि ठरवायचंही सगळ्यांनी बसून. देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे राहिले नाहीत. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या कौन्सिलचं सदस्य आहे.

हा इतिहास माहीत असला की पहिलं पत्र आपोआप वेगळं लिहिलं जातं. पहिल्याच पत्रात वसतिगृहाच्या छपराचा खर्च मांडला की समोरच्या मंडळीला आपली जागा कळते: आपण पैसे देणारे. त्यानंतर ते नातं त्या चौकटीबाहेर पडत नाही. म्हणून पहिलं वर्षभर पत्रात फक्त ओळख असावी. मंडळीत किती कुटुंबं, ती कोणत्या कामावर जगतात, पाळक किती गावं सांभाळतात, तरुण कुठे जातात, या वर्षी पाऊस किती झाला, कोणासाठी प्रार्थना हवी आहे. त्यांनाही हेच विचारा. युरोपातली कित्येक चर्च रिकामी होत चालली आहेत, एकेका पाळकाकडे चार-पाच मंडळ्या आल्या आहेत. त्यांच्याकडे अडचणी नाहीत असं धरून चालणं हा त्यांचा अपमानच आहे.

दुवा जोडायला एक तयार संधी दरवर्षी मिळते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणारा जागतिक प्रार्थना दिन. त्याची उपासना दरवर्षी वेगळ्या देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया लिहितात आणि तीच जगभर चालते. आपल्या महिला मंडळाने आणि तिकडच्या स्त्रियांनी त्या दिवशी एकमेकींना दोन पानी पत्र लिहायचं ठरवलं तर नात्याचा कणा तयार होतो. बिशप बदलले, पाळकांची बदली झाली, तरी महिला मंडळ तिथेच असतं.

कोण कोणाशी बोलणार

पास्टोरेटने थेट परदेशी मंडळीशी आर्थिक व्यवहार ठरवणं हे बहुतेक भांडणांचं मूळ असतं. पत्रव्यवहार खुशाल मंडळी ते मंडळी असू द्या. पैशाचा विषय मात्र डायसिसमार्फतच जावा. परदेशातल्या संस्थाही साधारणपणे तेच मागतात. जर्मनीत लाइपझिग इथे १८३२ मध्ये सुरू झालेलं गुस्ताव आडोल्फ वेर्क घ्या. जिथे प्रोटेस्टंट लोक अल्पसंख्य आहेत अशा चर्चना ते आधार देतं. अशा संस्थांच्या हाती मोठी तिजोरी नसते. गावोगावच्या मंडळ्यांची अर्पणं, दृढीकरण (कन्फर्मेशन) होणाऱ्या मुलामुलींनी दिलेली भेट, मृत्युपत्रातून आलेलं थोडंसं, यांतून रक्कम जमते. ब्रोट फ्युर दी वेल्ट हे मोठं मदतकार्यही १९५९ च्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, अर्पणातूनच उभं राहिलं. ज्या म्हातारीने दहा युरो दिले तिला ते कुठे गेले हे सांगायची जबाबदारी त्या संस्थेवर असते. तिकडून येणारे बारीक प्रश्न या जबाबदारीतून येतात. त्यांना अविश्वास समजू नये.

डायसिसमध्ये तीन माणसांची सहभागिता समिती नेमा: एक पाळक, एक स्त्री, एक हिशेब कळणारा. एकाच माणसाच्या ईमेलवर सगळं नातं टांगलेलं असेल तर ते त्याच्या निवृत्तीबरोबर संपतं. समितीचा वेगळा ईमेल ठेवा, पासवर्ड दोघांकडे असू द्या, आणि प्रत्येक पत्राची प्रत कार्यालयात फाइलला लावा. नवा बिशप आल्यावर जुनं सगळं ठाऊक असलेलं कोणीच उरलं नाही, अशी वेळ येऊ नये.

एफसीआरए: इथे घाई करू नका

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. नोंदणी नेमकी कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे? पास्टोरेट ही बहुधा स्वतंत्र न्यास नसते. मालमत्ता एका ट्रस्ट असोसिएशनकडे, शाळा दुसऱ्या सोसायटीकडे, दवाखाना तिसऱ्याकडे असं असतं. नोंदणी यांपैकी एकाच्याच नावावर असेल तर बाकीच्यांना तिचा उपयोग नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालं आहे. दुसऱ्या संस्थेचीही नोंदणी असली तरी चालत नाही. डायसिसने पैसे घेऊन शाळेच्या सोसायटीच्या खात्यात वळते केले, तर शाळा आपलीच असली तरी तो भंग आहे. यावर दोनच मार्ग आहेत: ज्या संस्थेचं काम आहे तिचीच नोंदणी असणं, किंवा नोंदणी असलेल्या संस्थेने काम स्वतःच्या कार्यक्रमात घेऊन पुरवठादाराला स्वतः पैसे देणं.

नोंदणी नसेल तर काय लागतं? संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी. गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. त्यात कार्यालयीन खर्च धरत नाहीत. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक, पदाधिकाऱ्यांचे आधार, न्यासपत्र आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लागतात. अर्ज एफसी-३ए नमुन्यात ऑनलाइन करायचा. इतकी पात्रता नसेल तर पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, नमुना एफसी-३बी. ती एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामासाठीच मिळते. त्यासाठी परदेशी चर्चचं रक्कम आणि कारण लिहिलेलं वचनपत्र लागतं. नवीन, लहान संस्थेला हाच मार्ग बरा.

पैसा येण्याची जागा एकच: नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं एफसीआरए खातं. ते दिल्लीला न जाता आपल्या गावच्या स्टेट बँकेच्या शाखेमार्फत उघडता येतं. तिथून पुढे खर्चासाठी आपल्या सोयीच्या बँकेत वेगळी खाती ठेवता येतात. मुख्य खात्यात स्थानिक पैसा एक रुपयाही टाकायचा नाही. कापणीच्या सणाचं अर्पण चुकून तिथे जमा झालं, तर ते काढून टाकल्याने चूक पुसली जात नाही, लेखापरीक्षणात ती दिसतेच.

लक्षात ठेवायच्या तारखा आणि मर्यादा थोड्याच आहेत, पण त्यांत सूट मिळत नाही. नोंदणी पाच वर्षांची. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाची खिडकी उघडते आणि अर्ज किमान चार महिने आधी करावा, असं गृहमंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. वार्षिक विवरण एफसी-४ हे आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत. वर्षभरात एक पैसा आला नसला तरी शून्याचं विवरण भरावंच लागतं. ‘या वर्षी काही आलं नाही’ म्हणून न भरणं ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत निष्कारण चूक आहे.

प्रशासकीय खर्चाला वर्षाच्या परदेशी निधीच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. २०२० पूर्वी ती ५० टक्के होती. कार्यालयाचं भाडं, पदाधिकाऱ्यांचा प्रवास, हिशेबनिसाचा पगार, लेखापरीक्षण, फोन हे सारं त्यात येतं. शिक्षिकेचा, परिचारिकेचा, प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा पगार येत नाही. पगारपत्रकावर फक्त ‘कर्मचारी’ असं लिहिलं तर सगळाच पगार प्रशासकीय धरला जाण्याची भीती असते. पद आणि काम स्पष्ट लिहा.

आणि चर्चना नेमकी भोवणारी बाब म्हणजे निवडणूक. दर काही वर्षांनी डायसिसन कौन्सिलची निवडणूक होते आणि सचिव, खजिनदार बदलतात. मुंबईच्या किंवा आपल्या विभागाच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. एफसीआरएकडे मात्र तोच बदल एफसी-६ई नमुन्यात ४५ दिवसांत कळवायचा असतो. धर्मादाय आयुक्तांचा निर्णय येईपर्यंत थांबू म्हणून लोक बसतात आणि ही मुदत निघून जाते. त्यातून बँकेतल्या सह्या बदलायलाही आठवडे लागतात, तोवर पैसा खात्यात अडकतो. निवडणुकीच्या दुसऱ्याच आठवड्यात एफसी-६ई आणि बँकेची कागदपत्रं एकत्र पाठवा. निवडणुकीवरून कोर्टकचेरी सुरू असेल तर ते परदेशातल्या चर्चलाही स्वतःहून कळवा. त्यांना ते कधीतरी कळणारच असतं, आणि दुसरीकडून कळलं तर विश्वास जातो.

दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्याच माणसांच्या देणगीचं काय, हे नेहमी विचारलं जातं. देणारा भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर तो परदेशी निधी नाही. ती देणगी साध्या खात्यात घ्या आणि पासपोर्टची प्रत जोडून ठेवा. त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही तो परदेशी निधीच ठरतो, मग तो आपल्याच चाळीत वाढलेला का असेना.

प्रस्ताव कसा मांडावा

‘आमच्या मुलींच्या वसतिगृहाला पाण्याची फार अडचण आहे, कृपया मदत करा’ या वाक्यावर कोणतीही समिती निर्णय घेऊ शकत नाही. तीच अडचण आकड्यांत मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

दुष्काळी पट्ट्यातलं ६० मुलींचं वसतिगृह. छप्पर ४०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटर. ८० टक्के पाणी हाती लागलं तरी छपरावरून १,७६,००० लिटर मिळतं. सगळं साठवायचं तर टाकी फार महाग पडेल. म्हणून फक्त पिण्याचा आणि स्वयंपाकाचा हिशेब धरला: माणशी १० लिटर, रोज ६०० लिटर. ५०,००० लिटरची टाकी भरून ठेवली तर ८३ दिवस पुरते, म्हणजे मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. त्या दिवसांत आज पिण्याचं पाणीही टँकरचंच असतं. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी तेव्हाही बाहेरूनच आणावं लागेल, हेही प्रस्तावात लिहा. जे सुटणार नाही ते आधीच सांगितलेलं असलं की अहवालाच्या वेळी मान खाली घालावी लागत नाही.

खर्च असा: टाकी ४,५०,०००, छपराची पन्हळ आणि पाइप ९०,०००, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायची सोय आणि गाळणी ३५,०००, पंप आणि नळजोडणी ४०,०००, अभियंत्याची देखरेख २५,०००. बेरीज ६,४०,०००. अनपेक्षित खर्चासाठी ५ टक्के, म्हणजे ३२,०००, आणि लेखापरीक्षण व अहवालासाठी १८,०००. एकूण ६,९०,०००. यातले १,१५,००० मंडळीचे. ते शेवटी ‘जमलं तर’ म्हणून ठेवू नका, आधी गोळा करून बँकेत दाखवा. श्रमदान धरायचं असेल तर दिवसांचा हजेरीपट ठेवा आणि मजुरीचा स्थानिक दर लावा. उरलेले ५,७५,००० मागायचे.

आता चलन. समजा करार युरोत झाला आणि त्या दिवशी दर ९५ रुपये होता, तर रक्कम होते सुमारे ६,०५३ युरो. पैसे येईपर्यंत दर ९० वर आला तर हाती पडतात साधारण ५,४४,८०० रुपये, म्हणजे तीस हजारांची तूट. मधल्या बँकांचं शुल्क वेगळंच. प्रस्तावातच लिहून टाका की दर घसरला तर कोणता भाग कमी करणार आणि वाढला तर जादा रक्कम कशावर खर्च करणार. दर वाढून आलेला पैसा विचारल्याशिवाय दुसरीकडे वापरणं हे लहान वाटतं, पण सहभागिता तुटण्याची सुरुवात अशाच ठिकाणी होते.

एक ओळ प्रस्तावात हमखास गाळली जाते: पाच वर्षांनी पंप जळाला तर कोण बदलणार? दरमहा ५०० रुपये देखभाल निधीत टाकण्याचा कमिटीचा ठराव जोडलात, तर प्रस्तावाला दुप्पट वजन येतं.

करारात काय असावं

चार पानं पुरेत. दोन्ही चर्चची कायदेशीर नावं, काम, रक्कम आणि चलन, हप्ते, अहवालाच्या तारखा, खर्चाच्या एका बाबीतून दुसरीकडे किती टक्के वळवता येईल (१० टक्के ठीक आहे, त्यापुढे लेखी परवानगी), वाद झाला तर कोणाकडे जायचं, आणि करार कधी संपतो. शेवटची बाब लिहायला लोक संकोचतात. १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा वचन होतं दहा वर्षांचं. गावोगावच्या मंडळांतली माणसं वर्षाला निदान एक डॉलर देण्याची हमी देत होती. किती येणार आणि कधीपर्यंत येणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. त्या जोरावरच रमाबाईंना १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडून पुढची आखणी करता आली. मुदत लिहिल्याने प्रेम कमी होत नाही.

पगारासाठी परदेशी पैसा घेत असाल तर मुदतीबरोबर उतरती पायरी हवी: पहिल्या वर्षी १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, मग ६०, ४०, २०, आणि सहाव्या वर्षी शून्य. त्या त्या वर्षी कमी पडणारी रक्कम कुठून येणार तेही समोर लिहा. पाळकांचा पगार मात्र परदेशी पैशावर कधीच ठेवू नये, असं आमचं ठाम मत आहे. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) आले तेव्हाही हाच आग्रह धरत होते: देशी मंडळी, देशी पाळक, आणि त्यांचा भार मंडळीवर. जी मंडळी आपल्या पाळकाला पोसते तिलाच त्याच्याकडे जाब मागता येतो.

पैसा आल्यावर

पाठवणाऱ्या चर्चला बँकेच्या संदेशात पूर्ण नाव, पत्ता, देश आणि कारण लिहायला सांगा. ते नसेल तर स्टेट बँक रक्कम रोखून खुलासा मागते. फक्त ‘गिफ्ट’ असं लिहू नका, ‘वसतिगृहातील पाणी साठवण’ असं कामाचं नाव लिहा. नोंदणी कोणत्या उद्देशासाठी आहे तेही पाहा: धार्मिक, सामाजिक, शैक्षणिक, आर्थिक की सांस्कृतिक. चर्चच्या इमारतीची दुरुस्ती धार्मिक उद्देशात येते, वसतिगृहाचं काम सामाजिक किंवा शैक्षणिक. नोंदणीत जो उद्देश नाही त्यावर हा पैसा खर्च करता येत नाही.

परदेशी निधीचं रोख पुस्तक आणि खातेवही वेगळी ठेवा. ५०,००० रुपयांवरील प्रत्येक खरेदीला तीन कोटेशन आणि समितीची सही असा नियम घालून घ्या. कोटेशन देणारा कमिटी सदस्याचा नातेवाईक असेल तर त्या सदस्याने ठरावाच्या वेळी बाहेर बसावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. रोखीने जितकं कमी देता येईल तितकं बरं. खात्यावर पडणारं व्याजही परदेशी निधीच असतं, ते एफसी-४ मध्ये दाखवावं लागतं. मुदत ठेव चालते, शेअर आणि म्युच्युअल फंड चालत नाहीत. या पैशातून घेतलेली वस्तू, टेबल असो की जीप, संस्थेच्या नावावरच असली पाहिजे आणि मालमत्ता नोंदवहीत तिचा क्रमांक असला पाहिजे.

पौलाने यरुशलेमच्या गरीब मंडळीसाठी निधी गोळा केला तेव्हा तो पोहोचवायला मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली होती. देवासमोरच नव्हे, तर माणसांसमोरही स्वच्छ दिसावं, हा त्यामागचा हेतू त्याने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. पैसा एकट्याच्या हाती न ठेवण्याचा नियम इतका जुना आहे. ‘आपल्यात कसला हिशेब, आपण भाऊ आहोत’ असं कोणी म्हणालं तर हा अध्याय उघडून दाखवावा.

अहवाल सहा महिन्यांनी द्यावा. पैशाचा तक्ता तीन रकान्यांचा: ठरलेलं, झालेलं, फरक. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर कारण एका वाक्यात. लिखाण दोन पानांचं, त्यात एखादं काम न जमल्याचंही असावं. टाकीची भिंत ओली राहिली, ठेकेदार बदलावा लागला, हे लिहिलं की बाकीचं खरं वाटतं. फोटो पायाचा, भिंतीचा आणि पाणी भरलेल्या टाकीचा, एकाच कोनातून. वसतिगृहातल्या मुलींचे चेहरे, नावं आणि गाव एकत्र कधीही पाठवू नका. पालकांची लेखी संमती नसेल तर चेहराही नको. परदेशी देणगीदार आणि मूल यांचा थेट फोनवर संपर्क करून देणं तर मुळीच नको. प्रेमापोटी मागितलं गेलं तरी नाही म्हणायला शिकावं.

वस्तू, पाहुणे आणि आपत्ती

जुने कपडे, वापरलेले संगणक, उरलेली औषधं यांची पेटी पाठवू का, असं विचारलं तर आभार मानून नको म्हणा. सीमाशुल्क आणि गोदामाचं भाडं मिळून खर्च वस्तूच्या किमतीपलीकडे जातो, आणि वस्तूरूपातली मदतही परदेशी निधीतच मोजली जाते. औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे की देशात पोहोचताना त्यांची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी. बहुतेक पेट्यांत ती नसते.

पाहुणे पर्यटक व्हिसावर येत असतील तर त्यांनी भेट द्यावी, उपासनेत बसावं, घरी जेवावं. प्रवचन देऊ नये. धर्मकार्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा आहे, आणि ओसीआय कार्डधारकालाही मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते. मिशन बंगल्यात किंवा कोणाच्या घरी उतरवलं तरी २४ तासांच्या आत त्यांची ऑनलाइन नोंद करणं यजमानाचं काम आहे. आणि पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगून टाका: अर्पणाच्या थैलीत काही घालू नका, घरी गेल्यावर दिल्लीच्या खात्यावर पाठवा.

भूकंप किंवा पूर आला की परदेशातून फोन येतात आणि हो म्हणायचा मोह होतो. एफसीआरएला आपत्तीची सूट नाही. नोंदणी नसलेल्या मंडळीने अशा वेळी नोंदणी असलेल्या संस्थेच्या कामात माणसं द्यावीत. कासा ही चर्चची मदतसंस्था १९४७ पासून देशभर हेच काम करते आहे. पहिल्या ४८ तासांत परदेशी चर्चला एक पान पाठवा: किती कुटुंबं, कुठे आहेत, सरकार काय देतंय, काय कमी आहे. मोजमापाला स्फिअरचे, म्हणजे आपत्तीतल्या मदतीचे आंतरराष्ट्रीय निकष घ्या: माणशी रोज १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. सामान जवळच्या बाजारातून घ्या, म्हणजे तिथल्या दुकानदाराचंही दुकान उघडतं. आणि वाटप करताना धर्म, जात विचारू नका. मदतीच्या रांगेत धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटणं हे कायद्याने अंगाशी येतं, आणि त्याआधी ते सुवार्तेलाच काळिमा लावतं.

आपणही द्यायचं

तिकडच्या मंडळीवर संकट आलं, त्यांच्या देशात युद्ध आलं, निर्वासितांना चर्चने आसरा दिला, तर इथून काय करता येतं? मंडळीच्या खात्यातून परदेशी पैसे पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. न्यासाचं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर त्यावरची करसवलत धोक्यात येते. व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतं आणि त्यात देणगीही बसते. दहा कुटुंबांनी आपापल्या खात्यातून, बँकेत ‘देणगी’ असं कारण लिहून, दोन-दोन हजार रुपये पाठवले तर बँकेचं शुल्क जास्त वाटेल. तरी एकदा पाठवून पाहा. त्या मंडळीच्या सूचना फलकावर महाराष्ट्रातून आलेल्या त्या रकमेची पावती लागते, आणि पुढच्या बैठकीत दोन्ही बाजू एकाच उंचीच्या खुर्चीत बसतात.

पैशाशिवायही पुष्कळ जातं. मराठी भजनांचं ध्वनिमुद्रण चालीच्या नोंदीसह पाठवा. अल्पसंख्य म्हणून शेजाऱ्यांत मिसळून कसं राहावं, दिवाळीला आणि ईदला कोणाच्या घरी काय न्यावं, हे त्यांना आपल्याकडून शिकायचं असतं, कारण त्यांच्या गल्लीतही आता निरनिराळ्या धर्मांचे शेजारी आले आहेत. पाळकांची अदलाबदल करणार असाल तर सहा आठवड्यांपेक्षा कमी ठेवू नका. पहिले दोन आठवडे पाहुणचारातच जातात.